अर्ध्या भ्रूणाची अख्खी गोगलगाय

गणपतीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळी एम.एस्सी.च्या आमच्या एका विद्यार्थिनीने माझ्या टेबलावर पेट्री डिश आणून ठेवली. डिशमध्ये नखभर पाणी, समुद्रफेणाचा एक तुकडा आणि काचेला चिकटलेल्या दोन गोगलगायी, मोहरीच्या दाण्याहून लहान. मायक्रोस्कोपखाली धरल्या. दोघींना दोन-दोन डोळे, पाय, उजवीकडे वळलेला शंख. शंख इतका पातळ की आतल्या हृदयाची धडधड बाहेरून मोजता येत होती.

"छान आहेत. ही कंट्रोलची, न टोचलेली बॅच ना?"

"नाही सर. ह्या टोचलेल्या."

"टोचलेल्या अशा निघत नाहीत. अगं, डिशची अदलाबदल झाली तुझी."

ती वाद घालत बसली नाही. जर्नल उघडून माझ्यासमोर सरकवलं आणि उभी राहिली. मी ते तेव्हा वाचलं नाही, "ठेवून जा" म्हटलं. हे सगळं प्रकरण लिहून काढायचं कारण ते "ठेवून जा" आहे.

तिचं गाव देवगड-मालवणच्या मधल्या कातळपट्ट्यातलं. देवळामागे तळी आहे, तळीत कमळं, आणि कमळाच्या पानांच्या पोटाशी पावसाळाभर लिम्निया ह्या गोगलगायीची अंडी असतात. बोटाच्या पेराएवढी जेलीची लांबट, पारदर्शक पट्टी. तिच्यात भिजलेल्या साबुदाण्यासारख्या कॅप्सूल दाटीने बसलेल्या, आणि प्रत्येक कॅप्सूलमध्ये एकच अंडं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. बाकीची जागा भरलेली असते ती भ्रूणाच्या शिदोरीने. हा पौष्टिक द्रव पिऊनच तो वाढतो. समुद्रातल्या बऱ्याच शंखांचं पिल्लू आधी लाटांवर पोहत फिरतं, तळीतली गोगलगाय तो सगळा प्रवास कॅप्सूलच्या आतच उरकते आणि तयार शंख पाठीवर घेऊन बाहेर पडते. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ह्याहून सोयीचा प्राणी नाही. आरपार दिसतं, पैसे पडत नाहीत, दहा-अकरा दिवसांत निकाल.

त्याच तळीत इंडोप्लॅनॉर्बिस ही दुसरी गोगलगायही आहे. त्याचा शंख चकलीसारखा चपटा, रक्तात हिमोग्लोबिन असल्याने अंग लालसर, आणि अंड्यांची पट्टी लांबट नसते, गोलसर चपटी टिकली असते. तो डावखुरा, लिम्निया उजवी. प्रोजेक्टचा पहिला भाग हाच होता: शंखाचं वळण अंड्यात किती लवकर दिसतं ते दोन्ही प्रकारांत पाहून चित्रं काढायची. दुसरा भाग मी सुचवला होता. दोन पेशींच्या अवस्थेत एक पेशी सुईने मारायची आणि उरलेल्या पेशीपासून काय बनतं ते नोंदवायचं. अपेक्षित निष्कर्षही मीच सांगून टाकला होता, आणि तो तिने सिनॉप्सिसमध्ये माझ्याच शब्दांत उतरवला होता: "गोगलगायीचं अंडं मोझॅक प्रकारचं असल्याने अर्धवट, अवयवहीन डिंभक मिळेल." मोझॅक म्हणजे प्रत्येक पेशीचं काम आधीच ठरलेलं, आणि डिंभक म्हणजे पुरं न घडलेलं पिल्लू. अठरा वर्षं हेच वाक्य मी वर्गात डिक्टेट करत आलो होतो.

(तळीत उतरताना गमबूट आणि हातमोजे, हे मी प्रत्येक बॅचला बजावतो. लेप्टोची भीती आहेच, शिवाय इंडोप्लॅनॉर्बिसमधून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या डिंभकांनी पायाला खाज सुटते. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि माणसाचा आजार ह्यांच्या संशोधनात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं नाव १९५२ पासून आहे. शिस्टोसोमा ह्या कृमीमुळे लघवीतून रक्त जाण्याचा रोग तिथे सापडला होता, आणि माणसात शिरण्याआधी ती कृमी जिच्या अंगात वाढते तो मधला यजमान ठरली होती फेरिसिया नावाची टोपीसारखी चिमुकली गोगलगाय.)

कॉलेजला सुट्टी लागली तेव्हा तिची लिम्निया नेमकी अंडी घालायला लागली होती. खात्यातला एक जुना मायक्रोस्कोप आणि टाकी घेऊन ती घरी गेली. आजीने दारातच अडवलं, "गोगलगायी घरात कशाक हाडलंस गो? त्याही चवथीच्या तोंडार?" माटवी बांधायची होती, पाहुणे यायचे होते. शेवटी मागच्या पडवीत, भाताच्या कणगीशेजारी जागा मिळाली.

लिम्नियाची एक खोड आहे. शिळ्या पाण्यातून काढून ताज्या, स्वच्छ पाण्यात सोडलं की काही तासांत ती अंडी घालते. तिने हे गणित आपल्या रात्रीशी जुळवलं. आरतीनंतर टाकीचं पाणी काढून विहिरीचं ताजं भरायचं, दहाच्या सुमारास अंडी. पहिलं विभाजन साधारण तीन-चार तासांनी, म्हणजे घरातली भजनं संपून मंडळी पुढच्या घरी गेली की तिची वेळ सुरू. जर्नलमध्ये एका रात्रीच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने लिहिलंय, "१.४० – पहिली खाच. बाहेर गजर चालू." मला ती नोंद फार आवडते. व्यवस्थित जर्नलमध्ये अशी नोंद नसावी असा नियम आहे म्हणे.

दोन पेशींच्या अवस्थेत लिम्नियाचं अंडं एक गंमत करतं. दोन गोल पेशी एकमेकींना चिकटून थोड्या चपट्या होतात, मग त्यांच्या सांध्यात भिंगाच्या आकाराची एक उजळ पोकळी दिसायला लागते. ती फुगत जाते, फुगते, आणि एकदम बाहेर फुटून रिकामी होते. पेशी पुन्हा बिलगतात. थोड्या वेळाने तेच पुन्हा. गोड्या पाण्यातल्या अंड्यात पाणी सारखं शिरत असतं, ते बाहेर काढण्याची ही व्यवस्था. तिच्या उपयोगाची गोष्ट अशी की पोकळी पुरती फुगलेली असताना दोन पेशींमध्ये सर्वांत जास्त अंतर असतं. तिने टोचायची वेळ तीच धरली.

सुई म्हणजे स्पिरिटच्या दिव्यावर ओढून केसासारखी केलेली काचेची नळी. कॅप्सूल फोडायची नाही, कारण शिदोरी सांडली तर भ्रूण उपाशी मरणार. कॅप्सूलच्या आवरणातून सुई आत, एका पेशीला भोक, सुई बाहेर. भोक पडलेली पेशी आधी धुरकट होते, मग तिचे कण द्रवात विखुरतात. ऐकायला सोपं आहे. चार रात्रींत तिने ४१ कॅप्सूल टोचल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या ९ जिवंत होत्या, चौथ्या दिवशी ५. त्या पाचांपैकी दोन नुसते फिरते गोळे होऊन मेले, एकाची गोष्ट पुढे येईल, आणि दोन माझ्या टेबलावर डिशमध्ये चालत होत्या.

माझा अविश्वास हट्टाचा नव्हता, त्यामागे शंभर वर्षांचं पुस्तकी वजन होतं. १८८८ साली विल्हेल्म रू ह्यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणात एक पेशी तापलेल्या सुईने मारली आणि त्यांना अर्धा भ्रूण मिळाला. तीन वर्षांनी हान्स ड्रीश ह्यांनी सी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या एका काटेरी गोल प्राण्याच्या, भ्रूणाच्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीतून पूर्ण, फक्त लहान आकाराचा डिंभक निघाला. रू ह्यांनी मेलेली पेशी तशीच चिकटून राहू दिली होती, हा दोघांमधला मोठा फरक. त्यानंतर अंड्यांची जणू जातवारी झाली. सी अर्चिन सावरून घेणारं, गोगलगाय मोझॅक, म्हणजे फरशीतला एक तुकडा काढला की तिथे तेवढं भोकच राहणार.

गोगलगायीच्या नावावर हा शिक्का बसला तो मुख्यतः अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या चिखलात राहणाऱ्या इलियानासामुळे. तिचीच भावंडं, नॅसॅरिअस, आपल्या खाड्यांच्या चिखलातही ओहोटीला फिरताना दिसतात. इलियानासाचं अंडं पहिल्यांदा विभागताना खालच्या बाजूने एक फुगवटा बाहेर काढतं. त्याला ध्रुवीय खंड म्हणतात. त्या क्षणी मायक्रोस्कोपखाली हुबेहूब बेलाचं पान दिसतं: दोन दलं पेशींची आणि तिसरं ह्या खंडाचं. तिसऱ्या दलात केंद्रक नसतं. विभाजन पुरं झालं की ते दोनपैकी एकाच पेशीत मिसळून जातं आणि ती पेशी मोठी होते. लहान ती एबी, मोठी ती सीडी. पुढच्या विभाजनात पुन्हा तसंच, आणि चार पेशींच्या अवस्थेत ए, बी, सी लहान आणि डी मोठी. कोण डी, हे मायक्रोस्कोप ओळखत नसलेल्या माणसालाही सांगता येतं.

१८९६ साली क्रॅम्पटन ह्यांनी हा खंड छाटून टाकला आणि पाहिलं की मेसोडर्मच्या, म्हणजे भ्रूणाच्या मधल्या थराच्या, पट्ट्या बनतच नाहीत. पुढे १९५२ आणि १९६२ साली क्लेमंट ह्यांनी हे काम फार बारकाईने केलं. खंड काढला तर डोळे नाहीत, पाय नाही, हृदय नाही, आतडं नाही, शंख नाही. मग त्यांनी डी पेशीच वेगवेगळ्या टप्प्यांवर काढून पाहिली. ही पेशी एकामागून एक चार लहान पेशी सोडते. पहिली सोडायच्या आत ती काढली तर सगळंच बुडतं. तिसरी सोडून झाल्यावर काढली तर डोळे, पाय, शंख येतात, फक्त हृदय आणि आतडं येत नाही. चौथी, म्हणजे '४डी', सोडून झाल्यावर काढली तर काहीच अडत नाही, कारण आता तिच्यात उरलेला असतो नुसता बलक. हृदय आणि आतडं त्या ४डी पेशीच्या वाट्याचं.

हे मी दरवर्षी रंगवून सांगायचो. एक गोष्ट मात्र नीट कधी सांगितली नाही. इलियानासाचे डोळे डी पेशीच्या वंशातून येतच नाहीत, ते ए आणि सी ह्यांच्या लहान पेशींतून येतात. तरी डी गेली की डोळे येत नाहीत. म्हणजे डी फक्त आपल्या वाट्याचे अवयव बनवते असं नाही, ती शेजारच्या पेशींना काहीतरी सांगते, आणि ते सांगणं झालं नाही तर शेजारणी आपलं काम सुरूच करत नाहीत. हे वाचलेलं होतं, पण फरशीच्या उपमेत ते बसत नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं.

दोन दिवसांनी मी तिचं जर्नल वाचलं. अदलाबदलीच्या आरोपाला त्यात तीन उत्तरं होती आणि तिसऱ्यावर मी गप्प झालो. पहिलं: पिल्लं इंडोप्लॅनॉर्बिसची नव्हेत, कारण शंख चकलीसारखा नाही, अंग लाल नाही, आणि आठ पेशींच्या वेळी तिने काढलेल्या चित्रांत वरच्या लहान पेशी घड्याळाच्या काट्याप्रमाणे सरकलेल्या आहेत. डावखुऱ्या जातीत त्या उलट सरकतात. क्रॅम्पटन ह्यांनीच १८९४ साली फायसा ह्या डाव्या गोगलगायीत हे दाखवलं होतं. दुसरं: प्रत्येक टोचलेली कॅप्सूल तिने पट्टीतून सुटी करून वेगळ्या बाटलीच्या झाकणात ठेवली होती, झाकणावर नंबर. (शीतपेयांची झाकणं, पाहुण्यांच्या कृपेने मुबलक.) तिसरं म्हणजे मापं. आयपीसमधल्या पट्टीवर तिने दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक भ्रूणाची रुंदी मोजली होती. ह्या दोन भ्रूणांचं आकारमान त्या दिवशी कंट्रोलच्या साधारण निम्मं भरत होतं. नंतर मात्र मापं जवळ येत गेली. अर्ध्या भ्रूणालाही शिदोरी अख्ख्या कॅप्सूलची मिळत होती, तेव्हा त्याने भर काढली. अदलाबदल झाली असती तर तिसऱ्या दिवशीचा निम्मा गोळा कुठून आला?

मी तिला बोलावून घेतलं. "पुन्हा करू या, माझ्यासमोर," एवढंच म्हटलं. माफी वगैरे मागितली नाही, तसे आपल्याकडे सर मागत नाहीत. पण त्या आठवड्यात टाकीचं पाणी मी बदललं.

आश्विनात तळीचं पाणी उतरायला लागलं होतं, तरी गोगलगायी होत्या. ह्या वेळी तिची एक उणीव भरून काढली: खोटी टोच. दहा कॅप्सूलमध्ये सुई आत घालून, पेशीला न लावता, बाहेर काढली. भोकामुळे किती मरतात ते वेगळं कळायला हवं होतं. तीस कॅप्सूलमध्ये खरी टोच, आणि प्रत्येक टोच आम्ही दोघांनी पाहिली. पेशी विखुरलेली दोघांच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय नंबर द्यायचा नाही, असा तिचा नियम होता. माझे हात तिच्याइतके स्थिर नाहीत हे पहिल्या तीन कॅप्सूलमध्येच कळलं, मग मी फक्त पाहणारा झालो.

खोट्या टोचेच्या दहातल्या सहा नीट निघाल्या, म्हणजे नुसत्या भोकानेच दहात चार मरत होत्या. तिसांतल्या तीन वाचल्या. त्यातली एक पूर्ण गोगलगाय झाली. तिला मी रोज पाहत होतो. उरलेली पेशी एकटी पडल्यावर आधी गोल झाली, जणू नुकतंच घातलेलं अंडं. मग ती विभागली, पुन्हा विभागली, आणि वरच्या टोकाला लहान पेशी तिरप्या सुटायला लागल्या, तेच घड्याळी वळण. चौथ्या दिवशी भ्रूण कॅप्सूलमध्ये गरगर फिरत होता. सहाव्या दिवशी पाठीवर शंखाचा चमकता ठिपका दिसला.

मुंबईच्या एका मित्राला फोन केला. त्याने त्याच संध्याकाळी पीडीएफ पाठवल्या. १९७३ साली मॉरिल आणि सहकाऱ्यांनी लिम्निया पॅलुस्ट्रिसवर नेमकं हेच केलं होतं. दोनपैकी एक पेशी नष्ट केली तरी काही भ्रूणांतून नीट गोगलगायी निघाल्या होत्या. आमचा शोध पन्नास वर्षं जुना होता. तिला थोडं वाईट वाटलं, मला बरंच हायसं वाटलं.

मग कारण काय? लिम्नियाच्या अंड्यात बेलाचं पान येतच नाही. पहिली दोन विभाजनं समान होतात, चारही पेशी सारख्या. तिथे डी नावाची पेशी जन्मतः नसते, ती नंतर ठरते. चार पेशी खालच्या टोकाला एका बिंदूत मिळत नाहीत. समोरासमोरच्या दोन पेशी एकमेकींना छोट्या रेषेत भिडतात, बाकीच्या दोन थोड्या दूर राहतात. सामान्यतः ह्या भिडणाऱ्या दोघींपैकीच एक पुढे डी होते, पण कोणती, ते अजून उघडं असतं. चोवीस पेशी झाल्या की लिम्नियाचा भ्रूण थबकतो. काही तास एकही विभाजन नाही. ह्या मुक्कामात खालच्या मोठ्या पेशी आतल्या बाजूने वर सरकतात, आणि त्यातली एक मध्यभाग गाठून वरच्या टोकाच्या लहान पेशींना सर्वांत जास्त शिवते. ती डी. तिला तो मान मिळतो वरच्या पेशींच्या स्पर्शातून, आणि मान मिळाला की तिच्यात मॅप कायनेज नावाचं संदेशवाहक प्रथिन जागं होतं. लॅम्बर्ट आणि नॅगी ह्यांनी ते आधी इलियानासात (२००१) आणि मग समान विभाजनाच्या मृदुकायांत (२००३) दाखवलं. दोन्हीकडे पेशी तीच, तिसरी लहान पेशी सोडून झालेली डी. तिथपर्यंत पोचायची वाट तेवढी वेगळी. १९८५ साली मार्टिनडेल, डो आणि मॉरिल ह्यांनी लिम्नियातल्या ह्या वरच्या लहान पेशी काढल्या, तर कोणीच डी होईना आणि भ्रूण सगळ्या बाजूंनी सारखा राहिला: ना पाठ ना पोट.

मी हे फळ्यावर काढत होतो तेव्हा ती मागून म्हणाली, "म्हणजे सर, इलियानासात मानकरी आणि लिम्नियात सरपंच."

आमच्याकडे देवळातला मान घराण्यात चालतो. नारळ कोणी ठेवायचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे जन्माने ठरलेलं, आणि ते घर मुंबईहून आलं नाही तर उत्सव अडतो. सरपंचाचं तसं नाही. एक उमेदवार गेला तर दुसरा उभा राहतो, पंचायत चालते. मी तिला एवढीच पुस्ती जोडली की इथेही वॉर्ड राखीव असतो, चारही पेशींना सारखी संधी नसते. पण अर्धं गाव उठून गेलं तर राखीव जागेचे नियमही नव्याने लागतात. आमच्या अर्ध्या भ्रूणात हेच झालं असणार. उरलेल्या पेशीच्या दोन मुली, त्यांच्यात एकीने मध्य गाठला, वरच्यांना शिवली आणि कामाला लागली.

मानकऱ्याच्या घरी वारसा कसा पोचतो, तेही तिला हवं होतं. ह्यात ध्रुवीय खंड हा एक भाग. दुसरा भाग मला स्वतःला थक्क करतो. २००२ साली लॅम्बर्ट आणि नॅगी ह्यांनी इलियानासात पाहिलं की काही जनुकांचे आरएनए, म्हणजे जनुकांचे निरोप, काही पेशींत विभाजनाआधी सेंट्रोसोमभोवती (पेशीचं विभाजन चालवणाऱ्या ठिपक्याभोवती) गोळा होतात, मग पेशीच्या कडेला सरकतात, आणि विभाजनात दोन मुलींपैकी एकीच्याच पदरात पडतात. प्रत्येक विभाजनात नवी वाटणी. फरशीच्या उपमेला इथेही धक्का बसतो, कारण तुकडे आधीपासून जागेवर बसलेले नाहीत, प्रत्येक वेळी कोणीतरी ते उचलून ठेवतंय.

आता तो पहिल्या खेपेतला पाचवा. तो मेला नाही, पण गोगलगायही झाला नाही. केसाळ पेशींचा पट्टा होता, तो फिरत होता, आतडं म्हणावं अशी काही रचना नाही, शंख नाही, डोळे नाहीत. नवव्या दिवसापर्यंत टिकला आणि मग विरघळला. सिनॉप्सिसमध्ये लिहिलेला "अर्धवट, अवयवहीन डिंभक" तो हाच. माझ्या जुन्या नोट्सना सोयीचा असा हा एकच भ्रूण होता. तिने पहिल्यांदा निकाल लिहिताना बाकीचे चार "अपघाती" म्हणून सोडून हा एकच मांडला असता, तर कोणी शंका घेतली नसती. मी तर नाहीच. तिच्या चित्रांत ह्याच्या मोठ्या पेशी चोवीस तासांनंतरही बाहेरच्या बाजूला बसलेल्या दिसतात, मध्ये कोणी शिरलेलं नाही. निवडणूकच झाली नाही, असं तिने खाली लिहिलंय. मी तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं, कारण सुईने उरलेल्या पेशीलाही इजा झालेली असू शकते. पण वाक्य खोडलं नाही.

शंखाच्या उजव्या-डाव्या वळणाचा पहिला भाग ह्या गडबडीत मागे पडला, तरी त्यातली एक नोंद इथे हवी. टोचलेल्या तिन्ही पूर्ण गोगलगायींचा शंख उजवाच होता. अर्धा भ्रूण गेला तरी वळण गेलं नाही, कारण ते कोणत्या एका पेशीत साठवलेलं नसतं. लिम्नियात वळण ठरतं आईच्या जनुकांवरून. पिल्लाचं स्वतःचं जनुक काही म्हणो, अंड्यात आईने काय भरलंय त्यावर सगळं. १९२३ साली स्टर्टेव्हंट ह्यांनी हा आईकडून येणारा वारसा उलगडला. २००९ साली कुरोदा ह्यांच्या गटाने आठ पेशी होतानाच काचेच्या दांडीने पेशी उलट बाजूला ढकलून उजव्या जातीचे डावे शंख करून दाखवले. म्हणजे नुसत्या पेशींच्या मांडणीने. आणि २०१९ मध्ये आबे आणि कुरोदा ह्यांनी फॉर्मिन नावाच्या प्रथिनाच्या एकाच जनुकात क्रिस्पर ह्या जनुक-छाटणीच्या तंत्राने बदल करून डाव्या लिम्निया मिळवल्या. मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढता ती म्हणाली होती, "सर, आईचंच चालतं शेवटी." मागे प्रयोगशाळेतले काका हसले.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोनपैकी कोणती पेशी मारलीस? एबी की सीडी?"

"सांगता येत नाही सर. ह्या गोगलगायीत त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही."

"मग प्रयोगाला अर्थ काय?"

ती थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो, नियमाने मला बोलता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "सांगता येत नाही, हाच निकाल आहे. इलियानासात सांगता आलं असतं, कारण तिथे एक मोठी असते." आणि बेलाचं पान काढून दाखवलं. मार्क बरे पडले, उत्तम नाही. शेऱ्यात "नमुना-संख्या अपुरी" होतं, आणि ते खरंच आहे.

पुढच्या श्रावणात आणखी एक मुलगा हे काम घेतोय. त्याला दोन पेशींशी खेळायचं नाही, चोवीस पेशींच्या त्या मुक्कामात मधली पेशी टोचायची आहे, मान मिळायच्या आधी एक गट आणि नंतर एक गट. माझ्या हातांचा उपयोग नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय.

नोट्समधलं "गोगलगायीचं अंडं मोझॅक असतं" हे वाक्य मी खोडलं. त्याच्या जागी आता दीड पान लागतं, दोन आकृत्या लागतात, तास दहा मिनिटं लांबतो. मागच्या बाकावरून दरवर्षी तोच प्रश्न येतो, "सर, पण परीक्षेला नेमकं काय लिहायचं?"